कर्णे आमचे, पिस्टन त्यांचे

आजोबांना वाजवता येत नव्हतं.
हे आधीच सांगून टाकते, कारण गिऱ्हाइकं अजून विचारतात,
घराण्यात वाजवायचं कोण?
कोणी नाही. आम्ही तांबट.
हंडे, बंब, घंगाळी.
खरवईवर पितळ फिरवायचं आणि गप्प बसायचं.

तेहतीस साली उथळसरचा बस्त्याव परेरा
चरईच्या दुकानात चेचलेलं कॉर्नेट घेऊन आला.
रविवारी चर्चात लग्न,
आणि रात्री वाद्यावर मेहुणा बसलेला.
आजोबांनी डाख सोडवून ते सगळं सुटं केलं,
तुकडे केळीच्या पानावर मांडले,
आणि जोडायच्या आधी एकेकाचं माप
भिंतीवर कोळशाने काढून ठेवलं.
डावीकडे कर्णा आणि नळ्या, उजवीकडे पिस्टन.
ती भिंत म्हणजे आमची कंपनी.
पाटी नंतर आली.

नळी वाकवायची तर आधी तिच्यात वितळलेली राळ ओतायची.
थंड होऊ द्यायची, मग वाकवायची, मग तापवून राळ काढायची.
रिकामी वाकवली की चुरगळते.
आजोबा हे माणसांबद्दलही म्हणायचे,
पण फक्त जेवण झाल्यावर.

वाजवून बघायला दर शनिवारी बस्त्याव.
पैसे घ्यायचा नाही.
दारूबंदी आल्यावर वहीत त्याच्या नावापुढे
आजोबांच्या मोडीवळणी अक्षरात लिहिलंय:
औषध, दीड रुपया.
औषध, दीड रुपया.
एकसष्टच्या मार्चपर्यंत.

मग प्रश्न पडला, आता सांगणार कोण?
आत्या चिंचेने कर्णे घासत होती.
सासरहून परत आलेली, तेवीस वर्षांची,
मान वर न करता म्हणाली,
तिसऱ्या पिस्टनला गळती आहे.
खरंच होती.
तेव्हापासून फुंकायचा कामगार, ऐकायची अनसूयाआत्या.
तिने स्वतः कधी ओठ लावला नाही.
कोणी लाव म्हटलंही नाही.

चौऱ्याऐंशीत बाबा आणि मोरूकाका वेगळे झाले.
कारण मी लिहिणार नाही, ते फार लहान होतं.
दुकानाच्या मधोमध विटा चढल्या
आणि आजोबांची भिंत बरोबर मध्ये कापली गेली.
जिकडे जे चित्र, तिकडे ते काम:
कर्णे आमचे, पिस्टन त्यांचे.
काही वर्षं भिवंडीचे, कल्याणचे बँडवाले
आमच्याकडून अर्धं वाद्य घेऊन
उन्हातून चार पावलं चालत शेजारी जायचे.
मग मेरठचा माल आला, अख्खा आणि स्वस्त.
मग डीजे.

काकांचं लेथ नळाच्या तोट्यांकडे वळलं.
घोडबंदरच्या कितीतरी टॉवरांत
पाणी त्यांच्या पिस्टनाच्या भावकीतून येतं.
आम्ही कर्णे उलटे टांगून
हॉटेलांचे दिवे केले.
बरे खपतात.
रात्री जेवायला कुठे गेलं की मी वर बघत नाही.

गेल्या महिन्यात उथळसरहून एक मुलगी आली.
जॅनिस परेरा, पाठीवर कॉलेजची सॅक,
सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळलेलं कॉर्नेट.
‘लांजेकर आणि पुत्र, ठाणें’, ण्यावर अनुस्वार, नंबर ४१२.
दुसरा पिस्टन अडकलेला.

मी चार पावलं चालले.
श्रीरंगने दार उघडलं. काकांसारखेच कान.
आत, तोट्यांच्या खोक्यांमागे
कोळशाच्या तीन उभ्या रेषा होत्या.
त्यांनीही चुना मारला नव्हता.

तोटीच्या सळईतून त्याने पिस्टन कातला.
आत्याला खुर्चीसकट मधल्या बोळात आणली.
अठ्ठ्याऐंशी वर्षांची. कानातलं यंत्र काढून
पदराच्या गाठीत बांधलं,
म्हणाली, ह्याने सगळं सपाट ऐकू येतं.
मुलीने फुंकलं.
बोळातली मांजर उठून गेली.

गळतंय, आत्या म्हणाली.
श्रीरंग काही न बोलता लेथकडे गेला.
पुन्हा फुंकलं. अजून गळतंय.
चौथ्यांदा ती काहीच म्हणाली नाही,
फक्त गाठ सोडायला लागली.

आता मुलगी पाकीट उघडून उभी आहे
आणि आम्ही दोघं
हातात एकेक पावतीपुस्तक घेऊन.